समुद्रतळाचं पाणी, मुक्काम यवतमाळ

३ नोव्हेंबर २००६

पीएचडीचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शाल्मली, पाण्यात भेसळ झालीय तुझ्याकडून!" माझ्याकडून? तीन वर्षं राबले त्यावर! अरबी समुद्राच्या तळाशी चिखलाचे ज्वालामुखी आहेत. त्यांच्यातून झिरपणारं पाणी समुद्रापेक्षा कमी खारट आहे — हा माझा शोध. सरांच्या मते शिश्या विसळलेलं पाणी आत राहिलं. उरलेल्या सहा सीलबंद शिश्या उचलल्या आणि रागारागात गोव्याहून घरी आले.

५ नोव्हेंबर

उपाय एकच — बोरॉन मोजायचं. साधं पाणी मिसळलं असेल तर मीठ कमी, तसं बोरॉनही कमी. पण खोल दडपलेल्या चिकणमातीनं सोडलेलं पाणी असेल, तर बोरॉन भरपूर. तसं निघालं तर प्रबंध वाचला. नाहीतर बसा घरी!

आईनं एक शिशी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. समुद्राचं तीर्थ म्हणे! जाम भांडले. "तुह्याजवळ पाच आहेत ना? एक राहू दे माह्या देवाले."

राहू दिली.

८ नोव्हेंबर

बाबा कृषी खात्यात. यंदा कपाशी पार गेली. दिवसभर गावोगावी पंचनामे, घरी आले की तोंडातून शब्द नाही. नुसता कॅरम. आज खेळताना सांगितलं — आपली काळी माती भिजली की फुगते ना, तसलीच माती समुद्राखाली दडपली की पाणी सोडते.

बाबांनी स्ट्रायकर खाली ठेवला. "म्हणजे आपल्या वावरातल्या मातीची बहीणच झाली वं ते!"

किती दिवसांनी हसले!

९ नोव्हेंबर

पुन्हा लोडशेडिंग. बोरॉन मोजणाऱ्या प्रयोगशाळेला पाणी लहान प्लास्टिकच्या शिश्यांत हवं होतं. उजेडासाठी व्हरांड्यात कॅरमबोर्ड मांडला, ओल्या फडक्यानं पुसला, त्यावरच पाचही शिश्या उघडून पाणी ओतलं. आईची तेवढी सोडली. कुरिअर गेलं एकदाचं.

२४ नोव्हेंबर

बोरॉन समुद्राच्या दहापट!!! फोनवर सर म्हणाले, "चुकलो मी. लिहायला घे." आईनं शिरा केला. बाबांनी शेजारच्या भगवानरावांना मुद्दाम बोलावून सांगितलं, "आमच्या पोरीनं मातीतून पाणी काढलं!" मी चक्क रडले.

२६ नोव्हेंबर

संध्याकाळी डाव मांडला. सोंगट्या अडकतात म्हणून बाबांनी बोर्डावर पावडर भुरभुरली. डबा सहज हातात घेतला. बोरिक पावडर.

बोरॉनचीच पावडर! आणि याच बोर्डावर मी शिश्या उघडल्या. फडक्यानं काय जातेय ती! रसायनशास्त्र शिकलेली मी, लहानपणापासून या पावडरीत हात माखलेली — आणि डोक्यात आलं नाही!

बाबा विचारत होते, "काहून थांबली? खेळ ना."



२७ नोव्हेंबर

सरांना फोन केला. सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "न उघडलेली आहे का एखादी?"

देव्हाऱ्याकडे धावले. आई म्हणाली, "उघडीन कायले? वरूनच कुंकू लावते."

सील शाबूत आहे.