बाभळीचा डिंक

मंगरूळपीर,
ता. ४ डिसेंबर १९३८

प्रिय हुकूम,

तुझं पत्र गुरुवारी आलं. आठच ओळी. एरवी तू चार-चार पानं लिहितोस आणि मी ती ओसरीवर बसून शेजारणींना वाचून दाखवते. या वेळी पत्र पदराखाली घेऊन मी आत गेले, तेव्हा मनकर्णाबाईला लगेच शंका आली. “काहून वो जतनबाई, पोराची तब्येत बरी हाये ना?” मी म्हटलं, बरी आहे. तेवढं तरी खरं होतं.

तुझ्या त्या पडद्यानं इथं किती करमणूक केली, ते तुला ठाऊक नाही. बोलपटासाठी शंभर वर्षांनंतरची मुंबई चाळीस फूट कापडावर उभी करायची, आणि ती मंगरूळच्या मुलानं! तीस-तीस मजली घरं, त्यांच्या मधून टांगलेले पूल, गच्चीवर उतरणारी विमानं. मनकर्णाबाईला एकच घोर, “येवढ्या उंच घरातल्या बाया पापड कुठी वाळू घालतेत वो?” आपला गाडीवान रूपला म्हणाला, “दादानं हवेतल्या गाड्या काढल्या म्हन्ते, पन त्याईले बैल कुठून जुपतेत?” तुझे कस्तुरचंदकाका तेवढे हसले नाहीत. “वहिनी, जे शहर अजून झालंच नाही, त्यात तुमचं पोरगं नोकरी करून राह्यलं. पगार बी शंभर वर्षांनीच भेटन.” मी मात्र रोज त्या शहरात हिंडून येत होते. भाकरी थापताना, वाती वळताना. ते काम मिळवायला तुला दोन वर्षं कंपन्यांचे उंबरे झिजवावे लागले होते. एकानं तर तुझी चित्रं उलटी धरून पाहिली आणि देव काढणारा नको, मोटारी काढणारा पाहिजे म्हणून परत पाठवलं, हे तूच लिहिलं होतंस.

आपल्या देवळाच्या भिंती दौलतसिंग चितारी रंगवायचे. तू त्यांच्याकडे शिकलास. बाभळीचा डिंक भिजत घालायचा, फडक्यातून गाळायचा आणि त्यात रंग खलायचा. इतर चितारी रंगात घालतात तो सरस जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला, म्हणून तो जैनांच्या देवळाच्या पायरीलासुद्धा लागू द्यायचा नाही. ते स्वतः मांस खाणारे रजपूत, पण आपल्या देवळात काम असेतो हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. तुझा हात त्या डिंकावरच बसला.

तू बोलपटांचे पडदे रंगवायला मुंबईला निघालास तेव्हा कारंज्याच्या स्टेशनावर मी तुला नियम दिला, की सरसाला कधी हात लावायचा नाही. तू हसलास. “आई, तिथं कोन पाहते?” मी म्हटलं, तू पाहशील ना. मग तू हात जोडलेस, णमोकार म्हटलास आणि गाडीत चढलास.

तो नियम तू पाळलास. सगळे सरस उकळत होते, तू एकटा डिंक भिजवत होतास. पाच दिवस पडदा छान दिसला. सहाव्या दिवशी मोठे दिवे लागले, कापड तापलं आणि तुझ्या आभाळाचे पोपडे सुटून नटीच्या केसांवर पडले. सगळे हसले. रंगात काय घातलंस म्हणून विचारलं, तर तू खरं सांगितलंस. हे देऊळ नव्हे, कंपनीवाले म्हणाले आणि तुला काढून टाकलं. दुसऱ्या कोणी दोन दिवसांत तुझ्या शहरावर दुसरं शहर रंगवलं. आणि खाली तू लिहिलंस, “चूक माझ्याच हाताची. एवढ्या मोठ्या कापडाला माझा हात पुरला नाही. कुंचले वाटून टाकले. पौर्णिमेपर्यंत घरी येतो, काकांच्या दुकानात बसेन.”

ती शेवटची ओळ वाचून मला आनंद झाला, हुकूम. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. काकांनी तुझ्यासाठी लोडाला नवा अभ्रा शिवायला टाकला, तोही मी कौतुकानं पाहिला.

आता जे कोणालाच कधी सांगितलं नाही ते सांगते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी तेरा वर्षांची असताना आम्ही मुलींनी नाटकासाठी एक पडदा रंगवला होता. मी हट्ट धरला, आमच्यात सरस चालत नाही, डिंकच हवा. सिस्टर आग्नेसनी ऐकलं. खेळाच्या दिवशी बत्त्या लागल्या आणि सगळ्या मुलींदेखत माझा डोंगर तडकून खाली आला. सिस्टर रागावल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी सरस उकळला, आणि तो मी माझ्या हातानं ढवळला. तो पडदा मी शाळा सोडेपर्यंत टिकला. घरी मी यातलं अक्षरही सांगितलं नाही.

भिंतीवर टिकणारा डिंक कापडावर टिकत नाही, हे स्टेशनावर मला चांगलं माहीत होतं. तुझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला तू घरी हवा होतास. माझ्यासाठी थांब म्हटलं असतं तर तू थांबला नसतास, म्हणून मी धर्म पुढे केला. तो नियम धर्माचा नव्हता, माझा होता. मी तो परत घेते. सरस वापर, नाहीतर नको वापरूस, ते तुझं तू ठरव. घरी यायचं असेल तर ये. पण हात पुरला नाही म्हणून येऊ नकोस. तुझा हात पुरला होता.

हे पत्र मी काकांना वाचून दाखवलं. ते हळूच म्हणाले, “वहिनी, पोस्टात टाकू नका हे. पोरगं आपल्या पायानं येऊन राह्यलं, येऊ द्या.” त्यांचं ते बोलणं मला इतकं गोड लागलं, की आता माझं मन फिरायच्या आत, रूपलाच्या हाती न देता मी स्वतःच पोस्टात निघाले आहे.

तुझी अपराधी, आणि तरीही तुझीच,
आई