काचेच्या देठावरची फुलं

९ फेब्रुवारी
आज पुन्हा! विंचच्या रहाटावरून दोर समुद्रात सुटत होता आणि भावोजी सगळ्या डेकसमोर ओरडले, "ए शेपट्या, मीटर वाच. मोठ्यानं!" मीटर त्यांच्या नाकासमोर. तरी मीच वाचायचा. एक आकडा अडखळलो तर म्हणतात, "सातवी नापास आहे, सांभाळून घ्या." झालं, सगळे खिदळले.
भावोजी या जहाजावर सारंग. आम्हा खलाशांचे मुकादम. ताईनं गळ घातली आणि त्यांनी मला इथे चिकटवलं. तेव्हापासून मी सारंगाचं शेपूट. खरं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही.

१२ फेब्रुवारी
दिवसभर गंज खरवडला. भावोजी मागे उभे – "झालं का? हात लावून बघू." हात लावून! माझ्यावर एवढासुद्धा भरवसा नाही.

१५ फेब्रुवारी
आज समुद्राच्या पार तळातून यंत्रानं काचेचा स्पंज वर आणला. मला वाटलं जहाजावरच्या संशोधनवाल्या बाई थट्टा करतायत. पण खरंच काच! बारीक तंतू एकमेकांत पिळलेले, लांबच लांब देठ, वर पांढरा गोळा. आणि पाण्याच्या टाकीत सोडला तर देठभर फुलं. पिवळट, इवल्या इवल्या पाकळ्यांची.
बाई म्हणाल्या, "फुलं नाहीत रे, प्राणी आहेत. समुद्रफुलं. शेकडो तोंडं, पण कातडी सगळ्यांची एक." खाली नुसता चिखल, म्हणून ती देठाला धरून वर राहतात. पाण्याबरोबर वाहत येईल ते खातात.
मी विचारलं, "आणि स्पंजाला काय मिळतं?"
"ते अजून नीट कळलेलं नाही."
मला कळलंय. काही नाही! तो बिचारा उभा, हे चिकटून. भावोजी जेवताना हेच ऐकवतात – "माझ्यामुळे पोटाला लागला." भंडारी, आमचा आचारी, भात वाढता वाढता डोळा मारतो.

१६ फेब्रुवारी
बाईंनी भावोजींना मोबाइलवर फोटो दाखवला. पुढच्या खेपेला हेच हवंय, स्पंज मोडला तरी चालेल, पण फुलं जपा. भावोजी मान हलवत होते. "बघितलं, बघितलं. काळजी नको."

२० फेब्रुवारी
वाटोळं झालं.
दुसरा स्पंज आला. बाई आत फोनवर होत्या. हवेत आल्यावर ती फुलं मिटतात, हे मला काय माहीत! पाकळ्या आत ओढलेल्या, देठावर नुसते चामखिळीसारखे फोड, वर चिखल. मी म्हटलं, "भावोजी, हेच का ते? बाईंना हाक मारू?" त्यांनी वाकून देठावरून बोट फिरवलं. म्हणाले, "घाण आहे. खरवडून टाक. काच स्वच्छ दिसली पाहिजे."
खरवडलं. गंज खरवडतो तसंच. वरून पाणी मारलं. सगळं डेकवरून समुद्रात.
बाई बाहेर आल्या. काच लखलखत होती. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. खालीच बसल्या. "हीच तर हवी होती," एवढंच म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी
कप्तान भडकलाय. ज्यानं हे केलं त्याला पुढच्या बंदरात उतरवणार. आणि उतरवलेल्याला दुसऱ्या जहाजावर कुणी घेत नाही.
भावोजी जिन्याखाली गाठून म्हणाले, "तू सांग, तुझ्या मनानं केलंस. तू नवा आहेस, कच्चा आहेस, तुला दुसरीकडे लावतो मी."
"म्हणजे मी मरायचं?"
"हळू बोल. घराचा विचार कर."
"घर तुमचं आहे!"
त्यांनी माझा दंड धरला. सोडेनात. मी झटकला.
फोटो बघितला होता यांनी! बाईंना नाही म्हणायची छाती नव्हती म्हणून मुद्दाम केलं असणार. बाईमाणसाचे हुकूम पाळायचे म्हणजे यांची मिशी खाली येते. आणि नाव माझं पुढे!

२२ फेब्रुवारी
सांगितलं. कप्तानाला सगळं सांगितलं. बाई समोर होत्या, त्यांना विचारलं, "तुम्ही फोटो दाखवला होता ना यांना?" त्या हो म्हणाल्या.
वाटलं, भावोजी शिव्या घालतील. नाही घातल्या. कप्तानानं मला बाहेर काढलं आणि दार लावलं. ते बराच वेळ आतच.

२४ फेब्रुवारी
बंदर. भावोजी उतरले. शिडीवर दोन्ही हातांनी दोर धरून, एकेक पायरी चाचपत – काय नाटकं! जन्म गेला शिड्यांवर. खाली पोचून त्यांनी वर हात केला. मी नाही केला. तेही भलतीकडेच बघत होते, भंडाऱ्याच्या दिशेला.
मी मोकळा! संध्याकाळी विंचवर मी एकटा. कुणी ओरडलं नाही.

२७ फेब्रुवारी
ताईचा फोन. रडत होती. भावोजी घरी पोचले. म्हणाली, "दोन वर्षं झाली, त्यांना समोरचं धूसर दिसतं. तुला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. लाज वाटायची. तू बरोबर असशील तर जातो म्हणाले, म्हणून तर तुला नेलं. तुझ्याच डोळ्यांवर चाललं होतं रे आमचं."
मग म्हणाली, "ज्यानं सांगितलं त्याचं नाव ते घेत नाहीत. कप्तानाकडे कोण गेलं ते तू तरी सांग."
मी म्हटलं, फोनवर आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.