आरशात दिसलेले हात

मामाजी,
तुमची सून सुचिता हिचा नमस्कार.

मी चालान भरणार नाही. उद्या सौंसरच्या कोर्टात जाऊन राहिली. 'सूनबाईनं एकदम ब्रेक मारला,' असं तुम्ही पोलिसाले सांगितलं, अन् त्यानं तुमच्या पांढऱ्या मिशांकडे पाहून माह्याच नावानं चालान फाडलं. तेव्हापासून घरात एकच चालू आहे, सुचिताची स्कूटी बंद करा. मंग बोरगावच्या शाळेत शिकवाले मी कशी जाऊ?

ब्रेक मी मारलाच. जामसांवलीच्या फाट्यावर बकऱ्या आडव्या आल्या होत्या. तुमची कार मागून धडकायच्या आधी मी आरशात पाह्यलं. तुमचे डोळे मिटले होते अन् दोन्ही हात जामसांवलीच्या हनुमानजीले जोडले होते. पोलिसासमोर मी हे बोलली नाही, तुमचा मान राखला. तेवढीच माही चूक.

हे पत्र तुम्हाले देत नाही, कारण आधी वाचलं तर तुम्ही जवाब तयार करून ठेवसान. उद्या साहेबासमोर त्याच हनुमानजीची शपथ घ्या, अन् मंग सांगा, स्टेअरिंग कोणाच्या हातात होतं.

तुमच्या पुढं गाडी चालवणारी,
सुचिता