काचेचं गिलकं

जळगाव, १९ नोव्हेंबर १९८९

ती. नानांस,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पण एक घोळ झाला. चित्रं काढायला सरांकडून आणलेला काचस्पंज आपल्या मोरीच्या फळीवरच राहिला. वीतभर पांढरी नळी, विणल्यासारखी जाळी. खोल समुद्रात, ऊन पोचत नाही तिथे, हा जीव पाण्यात विरघळलेली वाळू शोषून स्वतःभोवती काच विणतो. सरांनी जपानहून आणलाय, कॉलेजात एकच आहे. छगनकाका इकडे येतील त्यांच्याबरोबर कापसात ठेवून पाठवा.

कोचीनच्या संशोधनाच्या जागेला आठ तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. दोनच वर्षं, नाना. विषय काढला की तुम्ही ताटावरून उठता, म्हणून लिहितेय. रागावू नका, लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची सुनंदा


दोंडाईचा, २४ नोव्हेंबर १९८९

चि. सुनंदास अ. उ. आ.

तुझ्या समुद्रातल्या जीवाचा निकाल लागला. तुझ्या आईनं त्याला वाळलं गिलकं समजून पितळी हंडा घासायला घेतला. दोष तरी कुणाला द्यावा? जाळी तशीच, आणि मोरीच्या फळीवर दुसरं काय असतं? पहिल्यांदा घासताच बोटांत काचेची कुसळं शिरली. मी दुकानातली बारीक सुई आणि भिंग घेऊन दोन दिवस तिचा हात मांडीवर धरून बसलो. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडले. लग्नानंतर इतका वेळ हात धरला नव्हता, असं ती शेजारच्या केसरबाईंना सांगत होती. आता तिनं एकच घोर लावून घेतलाय, सर पोरीला काढून टाकतील का.

शिरपूरची मंडळी दहा तारखेला तुला बघायला येताहेत. मुलगा चांगला आहे. कोचीनचं नाव काढू नकोस. तिथवर माझा जीव पोचत नाही.

तुझे नाना


जळगाव, २८ नोव्हेंबर १९८९

ती. नाना आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

सरांना खरं ते सांगितलं. त्यांनी आधी आईच्या बोटांची चौकशी केली. मला काढत नाहीत, आईला सांगा.

एक लिहायचं राहिलं होतं. त्या नळीत कोळंबीची जोडी राहते. लहानपणीच जाळीतून आत शिरतात, आत वाढतात, मग बाहेर पडता येत नाही. जन्मभर दोघंच. जपानात लग्नात हा सांगाडा आहेर म्हणून देतात. पिल्लं तेवढी बारीक असतानाच जाळीतून निघून जातात.

मला संसार नको असं नाही, नाना. पण आत शिरण्याआधी समुद्र बघायचाय. तुमचं मन मोडून जाणार नाही, आणि नाही गेले तर मला फार वाईट वाटेल. दोन्ही खरं आहे.

तुमची सुनंदा


दोंडाईचा, २ डिसेंबर १९८९

चि. सुनंदास अ. उ. आ.

पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. जोडीचं ऐकून खूप हसली. पिल्लांचं मात्र तीनदा वाचायला लावलं. मी चिडलो, तशी सुजलेला अंगठा माझ्यापुढे धरून म्हणाली, "पिल्लू बाहेर जास, तवय त्यानी माय त्याले धरी ठेवस का?"

रात्रभर विचार केला. सकाळी शिरपूरला कळवलं की दोन वर्षं थांबणार असाल तर या. तू कोचीनला होकार लिही. तिकडे खोबरेल तेलात स्वयंपाक करतात म्हणे. लसणाची चटणी घेऊन जा.

छगनबरोबर सरांसाठी परसातली पाच वाळली गिलकी पाठवतोय. ती खुशाल घासायला घ्यावीत म्हणावं. पत्र टाकत जा. आम्ही दोघं आत बरे आहोत.

तुझे नाना