कोळंबी माझी नव्हे

मी, पंढरी काळू वैती, वय एकाहत्तर, राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार कोपरी, ठाणे (पूर्व), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था लिहून ठेवतो. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट स्वकष्टार्जित असून तो पत्नी सौ. तुळसा हिला मिळावा. चिरंजीव धनेश घोडबंदर रोडला स्वतःच्या घरात सुखी आहे. त्याने आईच्या हयातीत या घरात ‘रिडेव्हलपमेंट’ हा शब्द उच्चारू नये. बँकेतील ठेवी दोघांना निम्म्या.

२. माझी विद्वत्ता. हिच्याबद्दल गैरसमज असल्याने सविस्तर लिहितो.

माझे वडील मिठागरात राबले. मिठागरकऱ्यांची गावकी निर्णय कसे घेत असे, यावर मी उमेदीची वर्षे घालवून एक ग्रंथ लिहिला. निष्कर्ष असा, की बैठकीत जो गप्प बसतो, तो विरोधात असतो. ग्रंथ छापला, पण कोणी विकत घेतला नाही. गठ्ठे पलंगाखाली आहेत.

दुसऱ्या संशोधकाने लेखात आपल्या कामाचा हवाला दिला की त्याला सायटेशन म्हणतात. हल्ली प्राध्यापकाची किंमत त्यावर ठरते. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी कॉलेजने आम्हा सर्वांची खाती इंटरनेटवरच्या एका नोंदणीत उघडली. नोंदणीने ‘पी. वैती’ नावाचे सगळे लेख माझ्या खात्यात ओतले. ते कोळंबीच्या रोगांवरचे होते. माझी सायटेशन्स एकदम चार हजारांवर गेली.

खुलासा करायला प्राचार्यांकडे गेलो, तर त्यांनी शाल आधीच मागवली होती. कॉलेजच्या मानांकनाचे वर्ष होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “सर, कोळंबी कुठे तक्रार करतेय?” फाटकावर माझा फोटो लागला.

मग कोळंबी उत्पादकांच्या परिषदेत बीजभाषणाचे निमंत्रण आले. हा माझा विषय नाही असे कळवले. उत्तर आले की आपला विनय भावला. गेलो, आणि मला येते तेच बोललो: गटबाजी, सत्ता, गावकी. टाळ्या पडल्या. एका उत्पादकाने विचारले, तळ्यात दाटी झाली की कोळंबी का मरते? मी म्हणालो, “विरोधकांना जागा उरत नाही म्हणून.” सगळ्यांनी ते लिहून घेतले. वृत्तांतात छापले गेले आणि पुढे त्याचेही हवाले निघाले.

निवृत्तीनंतर एका दुपारी खडवलीहून एक बाई घरी आल्या. तिथे त्यांची प्रयोगाची तळी होती. चपला काढता काढता म्हणाल्या, “मी पुष्पलता वैती. माझी कोळंबी तुमच्या नावावर आहे.” त्यांची बढती अडली होती, कारण नोंदणीत त्यांच्या नावापुढे काहीच नव्हते. मुलाखतीत त्यांना विचारले गेले होते, की तुम्ही ठाण्याच्या वैती सरांचे काम वाचले आहे का.

मला मान वर करवेना. आम्ही दोघे संगणकापुढे बसलो आणि एकेका लेखावर ‘हा लेख माझा नाही’ हे बटण दाबत गेलो. परिषदेचा वृत्तांतही काढला. तुळसाने मध्ये जेवायला वाढले. पुढे बाई प्रोफेसर झाल्या. कॉलेजने फोटो उतरवला, खिळे ठेवले.

बढती झाल्यावर बाईंनी सुकी कोळंबी पाठवली. तेवढीच मी माझी मानतो.

३. सर्व पुसल्यावर खात्यात एकच सायटेशन उरले. ते डोंबिवलीच्या डॉ. अनिमेष करंदीकर यांचे. त्यांनी अठरा वर्षांपूर्वी तळटीपेत लिहिले होते: ‘वैती यांचा निष्कर्ष हास्यास्पद आहे. मौन ही संमतीच.’ तेव्हापासून मी डोंबिवलीच्या एकाही लग्नाला गेलो नाही. परंतु हास्यास्पद म्हणायलाही वाचावे लागते, हे मला तेव्हा सुचले नव्हते. मी त्यांना फोन केला. ते आले. दुपारभर भांडलो, इतका आनंद मला शाल पांघरताना झाला नव्हता.

तुळसा तोवर गप्प बसून होती. तिच्याकडे बोट करून अनिमेष म्हणाले, “वहिनींचं मौन बघा. त्यांना माझं पटलंय.” तिने कप उचलले आणि ती आत गेली. दुसरा चहा आला नाही. हा पुरावा दुसऱ्या आवृत्तीत घालावा.

पलंगाखालचे सर्व गठ्ठे डॉ. अनिमेष यांना. अट एकच, त्यांनी मतभेद चालू ठेवावा, व तो छापून.

४. शाल प्राचार्यांना परत.

५. वडिलांचे मीठ ओढायचे फावडे धनेशला. फेकायचे असेल तर आधी हातात धरून बघावे.

सहीपूर्वीची नोंद: साक्षीदार श्री. उत्तम यांनी हा मजकूर न वाचताच सहीसाठी पेन उघडले. कायद्याने वाचणे लागत नाही. दुसरी साक्षीदार, खालच्या मजल्यावरची कु. कल्पिता, हिने बसून सगळा वाचला. मग विचारले, “काका, माझी आजीपण मिठागरात होती. बैठकीला जायची, पण कधी बोलायची नाही. ती आहे का तुमच्या पुस्तकात?”

मी वाकून पलंगाखालून एक प्रत काढली आणि तिला दिली. कलम तीनमधील मालमत्तेतून तेवढी वजा समजावी.

स्थळ: कोपरी, ठाणे (पूर्व)
दिनांक: ९ डिसेंबर २०२४

(सही) पंढरी काळू वैती

साक्षीदार:
१. (सही) उत्तम बाळकृष्ण नाखवा
२. (सही) कल्पिता रमाकांत भोईर