न सुजलेलं बोट

१९ मे
पहाटे गुलाब तोडताना देन्काताईच्या बोटात काटा मोडला. मी सुईने काढला. मलाही आज एक टोचला होता — न्याहारीपर्यंत बोट लाल, गरम, टम्म. ताईचं मात्र मेणासारखं पांढरं.
"तू भडकू, तुझं बोटही भडकू," ती म्हणाली. "मी तुझी किडनी घेतली, राग नाही घेतला."
खोऱ्यात वास इतका दाट, की चालताना तरंगल्यासारखं होतं.

२३ मे
बोट तसंच. सूज नाही, ठणका नाही. ताई खूश. मीही.

२७ मे
ताईला हुडहुडी भरली. प्लोवदिव शहरातल्या हॉस्पिटलात आणलं. डॉक्टर हाजिएवांनी बोट दाबून पाहिलं.
"सुजलं नाही, हीच तर काळजी."
म्हणे, जखम झाली की तिथल्या पेशी हाका मारतात. मग बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, भिंती सैल करतात. पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर धावतात. लाली, ऊब, सूज — ही सगळी मदतीला आलेली गर्दी. किडनी बसवल्यापासूनच्या ताईच्या गोळ्या ती गर्दीच अडवतात, नाहीतर ती तिच्यातल्या माझ्या किडनीवर तुटून पडेल. काट्याबरोबर आलेले जंतू मुकाट रक्तापर्यंत पोचले.

२८ मे
खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात आमचं खोरं, कुठेतरी आग, सगळा गाव बादल्या घेऊन दारात उभा — आणि कुणीतरी ओठांवर बोट ठेवून म्हणतंय, झोपा, काही नाही.

२९ मे
नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. गोळ्या कमी कराव्या लागतील. "पण मग किडनीची खात्री नाही," डॉक्टर म्हणाल्या.
ताई म्हणाली, "झ्लातिनाला विचारा. तिची आहे."
"दिली ती दिली," मी म्हटलं. " आता तुझीच. वेड पांघरू नकोस."
तिने माझा हात हातात घेतला. मग डॉक्टरांना म्हणाली, "करा कमी."

२ जून
हात लाल! मनगटापर्यंत सुजलाय, तव्यासारखा तापलाय. ताई कण्हतेय आणि मी हसतेय.
"दात काय काढतेस, भवाने? जीव चाललाय माझा."
जात नाहीये. परत येतोय.

५ जून
ताप उतरला. वाटीभर दही खाल्लं, वर मीठ कमी म्हणून कुरकुरली. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर येऊन बसलं होतं. गावाकडे तोडणी संपली असेल.

१० जून
किडनी गेली. तिच्या अंगाने परकी म्हणून ओळखली. उद्यापासून पुन्हा डायलिसिस.
ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी चपला काढून तिच्या पाठीशी आडवी झाले. तशीच पाठमोरी म्हणाली, "मी नाही गं तुला हाकललं."