एकशे चारचा पासवर्ड

मंगळवार, विश्रामबाग

रविवारी ऑफिस बंद असताना १०४ नंबरच्या लाइनवरून परदेशी फोन गेले. १०४ म्हणजे रिसेप्शनवरची शमीम. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, दुबईत कोण हाय तुझं?" सगळे हसले.

ती माझ्याकडे वळली. "सर, फोनची सिस्टीम तुमीच बसवलीय. तुमी तरी सांगा, मी न्हाई केले."

आमचे फोन इंटरनेटवरून चालतात, प्रत्येक लाइनला पासवर्ड असतो. लाइन १०४, पासवर्डही १०४. मीच तसा ठेवला होता. बाहेरच्या कुणीतरी तो ओळखून फोन केले, हे सिस्टीममधली कॉलची नोंद बघताच मला कळलं होतं. तरी म्हणालो, "तपासावं लागेल."

का म्हणालो? माझ्या नोकरीसाठी? तिची गेली.

जाताना तिने नव्या बाईसाठी सूचना लिहून ठेवल्या. शेवटची ओळ: पासवर्ड १०४. बदलायचा नाही, सरांनी सांगितलंय.

तो कागद माझ्या खिशात आहे.